माणगावची प्राप्ती आणि आमच्या पडवीतला डबा

मला मत्सर वाटत होता, हे आधीच सांगून टाकते. बायका आडून आडून बोलतात, ‘तसं काही नाही हो, जरा काळजी वाटली.’ कसली डोंबलाची काळजी! माझ्या पोटात दुखत होतं. चांगलं चार महिने दुखत होतं, आणि ते दुखणं रोज संध्याकाळी सात वाजता माणगावच्या एका बाईच्या आवाजाने सुरू व्हायचं.

“सदादादा, चहा झाला का? चला, लावा मग डबा.”

सदादादा म्हणजे माझा नवरा. श्रीवर्धनच्या बंदरावर बर्फाचा कारखाना आहे, तिथे तो वायरमन. मी सुकी मच्छी पाकिटात भरून विकते. मुलगी मनाली पनवेलला शिकते, म्हणजे घरात आम्ही दोघंच. आणि तो डबा.

डबा आला दिवेआगरच्या एका होमस्टेवाल्याकडून. तिथली वायरिंग करायला हे गेले होते. काळा, चपलांच्या खोक्याएवढा, आत दोन हार्डडिस्क. घरातल्या सगळ्यांचे फोटो, सिनेमे एका जागी ठेवायचे आणि कुठल्याही फोनवरून बघायचे, असल्या कामाचा. कंपनीने त्या डब्याला नवीन अपडेट देणं बंद केलं, म्हणून होमस्टेवाला भंगारात टाकत होता. यांनी तो उचलून आणला, फडक्याने पुसला आणि देवासमोर ठेवावा तसा पडवीतल्या टेबलावर ठेवला.

“ह्याच्या आत पुरता कॉम्प्युटर हाय,” मला म्हणाले. “कंपनीचं सॉफ्टवेअर काढून टाकायचं आन् फुकटातलं लिनक्स टाकायचं. मंग आपण सांगू ते करील.”

“काय सांगणार त्याला? पाणी भर म्हणून?”

हे हसले नाहीत. मोबाइलवर शोधत राहिले, आणि अशाच डब्यांशी खेळणाऱ्या लोकांचा एक ग्रुप यांना सापडला. कोण नागपूरचा, कोण केरळचा, सगळे इंग्रजीत खरडणारे. त्यात एकच मराठीत बोलणारी, आणि तीही आपल्या माणगावची. प्राप्ती. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं तिचं. झालं, तिथून आमच्या घरात सात वाजायला लागले.

मनालीचा जुना लॅपटॉप काढला. डबा उघडला. आतल्या हिरव्या पट्टीवर केसांएवढ्या बारीक तीन वायरी सोल्डर मारून लावल्या. फोन स्पीकरवर ठेवून ती सांगायची आणि हे करायचे. “दादा, वायर उलटी झाली, इकडची तिकडे द्या.” “दादा, चालू करताना एंटर दाबत राहा, तीन सेकंदांत पकडलं नाही तर निसटतो तो.” मग हे प्लग काढायचे, घालायचे, एंटर दाबायचे, निसटला की दोघं हसायची. परत काढायचे, परत घालायचे. मी पलीकडे बसून सुकट निवडायची आणि मनात म्हणायची, मेला निसटतोय तर निसटू दे की एकदाचा.

तुम्ही म्हणाल, डब्याचं बोलतात, त्यात जळायचं काय? अहो, एक तर हा माणूस माझ्याशी दिवसाला दहा शब्द बोलणारा. जेवण झालं, दिवा घालव, भाव काय मिळाला, संपले दहा. आणि तिच्याशी तासतासभर! दुसरं म्हणजे ते नाव.

आमच्यात बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. आताच्या पोरी खुशाल हाका मारतात, मारू देत. पण मी लग्न होऊन आले तेव्हा सासूने चुलीपुढे बसवून बजावलं होतं, आणि बावीस वर्षं मी ते पाळलं. ‘अहो’, ‘मनालीचे पप्पा’, नाहीतर नुसतं ‘ऐकलं का’. उखाण्यात सदाशिवराव म्हटलं असेल तेवढंच. घरात भाऊ, काका, शेजारी सगळे ‘सदा’ म्हणायचे, मी कधीच नाही. आणि ही कोण कुठली, तोंड बघितलेलं नाही, एका संध्याकाळी वीस वेळा सदादादा! मागे दादा चिकटवलं की सगळं माफ. माझ्या घरात, माझ्या पडवीत माझ्या नवऱ्याचं नाव तिच्या तोंडात, आणि मी मुकी.

मी एकदा सुनावलंही. “एवढं काय गुलूगुलू चालतं रोज?”

“गुलूगुलू कसलं? लिनक्सच्या आतल्या कर्नलचं बोलत होतो.”

“मला पण सांगा मग कर्नलचं.”

यांनी खरंच सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला मला जांभई आली. यांनी बघितली आणि गप्प झाले. ती जांभई मी आतल्या आत दाबायला हवी होती, हे मला नंतर कळलं. पण दिवसभर बोंबील वाळवून आलेल्या बाईला जांभई येणार नाही तर काय येणार?

आता त्या दिवसाचं सांगते.

मला दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी साठ पाकिटं बंद करायची होती. पिशवीचं तोंड चिकटवायचं माझं मशीन विजेवर चालतं, आणि पडवीत प्लग एकच. तो डब्याने अडवलेला. वर चिठ्ठी, ‘हात लावू नये’. सात वाजून गेलेले. फोन स्पीकरवर.

“लिहायला लागलं बघा चिपवर,” प्राप्ती म्हणाली. “आता दोन मिनिटं कुणी श्वास पण घ्यायचा नाही. मध्येच वीज गेली तर डबा गेला.”

“इन्व्हर्टर हाय,” हे म्हणाले. मग वेळ घालवायला म्हणून ती म्हणाली, “दादा, तुम्ही बंदरावरचे, मग बोटीवर नाही जात?”

आणि यांनी तिला ती गोष्ट सांगितली.

अठरा वर्षांचे असताना हे भावाच्या बोटीवर पहिल्यांदा गेले. खाडीचं तोंड ओलांडायच्या आत ओकायला लागले. असे ओकले, की भावाने बोट माघारी फिरवली. बंदरावर सांगितलं, इंजिन बिघडलं. कोळ्याच्या पोराला दर्या लागतो, हे सांगायचं कसं? म्हणून तर हे वायरमन झाले. ही गोष्ट जगात तीन माणसांना ठाऊक होती. हे, यांचा भाऊ आणि मी. मला कधी सांगितली? मनाली पोटात होती, मला दिवसभर उलट्या व्हायच्या, तेव्हा माझी पाठ चोळता चोळता सांगितली. आणि मला तिच्या, त्या पोटातल्या पोरीच्या, शपथेवर गप्प केलं. मी त्यानंतर एकदाही, भांडणातसुद्धा, ते काढलं नाही.

आणि तिला हसत हसत सांगत होते! तीही हसत होती. “अरे देवा, दादा, इंजिन बिघडलं म्हणे!”

ती गोष्ट माझी होती हो. माझ्याकडे यांचं असं दुसरं होतंच काय? डोक्यात तिडीक गेली. मी उठले, सरळ जाऊन प्लग उपटला आणि माझ्या मशीनचा घातला.

डब्याचा दिवा गेला. लॅपटॉपवरची अक्षरं जिथल्या तिथे थांबली. प्राप्ती म्हणत होती, “दादा? दादा, झालं का पूर्ण?”

“पाकिटं राहिलीत माझी,” मी म्हटलं.

हे ओरडतील म्हणून मी तयार होते. चार गोष्टी तोंडात जमवून ठेवल्या होत्या. पण यांनी आधी तिचा फोन बंद केला. प्लग परत लावून बघितला, दहा वेळा लावून बघितला, दिवा नुसता लाल. मग डब्याचं झाकण लावलं, स्क्रू चारही नीट पिळले, फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवला आणि मला म्हणाले, “घे, प्लग मोकळा झाला.”

आठ दिवस सात वाजले आणि गेले. फोन आला तर उचलायचे नाहीत. मला वाटलं होतं, ती बाई घरातून गेली की मला बरं वाटेल. कसलं बरं! हे जेवायचे, हात धुवायचे आणि पडवीत भिंतीकडे बघत बसायचे. आधी निदान घरात त्यांचं हसणं तरी ऐकू यायचं, मग ते दुसरीसाठी का असेना. आणि राग बघा कसा असतो, माझ्या मनात आलं, मी मेले असते तर आठ दिवस असे बसले असते का? एका डब्यासाठी!

नवव्या दिवशी माणगावचा बाजार होता. हे कारखान्यात गेल्यावर मी डबा काढला, वायरी काढल्या, पाटीत खाली ठेवल्या, वर सुकटीची पाकिटं रचली आणि एसटीत बसले. म्हसळ्यापर्यंत ठरवत होते, तिला काय काय सुनावायचं. पत्ता माझ्याकडे होता. तिने कुरियरने वायर पाठवली होती, त्या पाकिटावरचा कागद मी तेव्हाच फाडून ठेवला होता. बायको आहे मी, एवढं करणारच.

एसटी स्टँडच्या मागे झेरॉक्सचं दुकान, त्यातलं अर्धं तिचं. माझ्या डोळ्यांपुढे होती ती एक नाजूक, केस मोकळे सोडलेली. बघते तर तीस-बत्तिशीची जाडसर बाई, ड्रेसवर नवऱ्याचा जुना शर्ट घातलेला, चष्मा कपाळावर आणि बोटांना भाजल्याचे डाग. सुंदर असती तर मी समजले असते. कुरूप असती तर सुटले असते. पण ती माझ्यासारखीच होती, आणि त्याने मी जास्त जळले. म्हणजे रूपाचा प्रश्न नव्हताच. बोलण्याचा होता.

मी पाटी उतरवली, पाकिटं बाजूला केली आणि डबा तिच्यापुढे ठेवला. तिने वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं.

“सदादादांच्या मिसेस? वहिनी, या ना! बसा. दादा फोन का उचलत नाहीत? तुमचं मशीन चाललंय ना नीट? एलिमेंट बदललं म्हणाले होते.”

माझ्या मशीनचं एलिमेंट जळलं होतं, हेही हिला ठाऊक! एसटीत ठरवलेलं सगळं तिथेच विसरले, आणि जे ठरवलं नव्हतं ते तोंडातून गेलं.

“प्लग मी काढला,” मी म्हटलं. “लाइट गेली नव्हती. मी मुद्दाम काढला.”

मला वाटलं, आता विचारील का काढला. तिने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, डबा उलटा केला आणि स्क्रू काढायला लागली. “मरत नाहीत हे असे पटकन,” एवढंच म्हणाली. “चिपवरचं अर्धवट राहिलंय. वायरीतून परत भरू.”

तिने त्याच तीन वायरींना आपली वायर जोडली. स्क्रीनवर टक्के चढायला लागले. एक, दोन, तीन. सत्तेचाळीसवर अडलं. तिने परत सुरू केलं. एक, दोन, तीन. मी पाटीवर हात ठेवून उभी. खोटं कशाला सांगू, माझाही श्वास अडकला होता. शंभर झाले आणि भराभर अक्षरं वर धावायला लागली, थांबेनातच, आणि डब्याचा दिवा लालचा हिरवा झाला. “आला!” ती ओरडली. मीही ओरडले असते, पण हिच्याबरोबर कशी ओरडणार?

“ह्याचं करायचं काय असतं शेवटी?” मी विचारलं. “ते काय करणार होते ह्याचं?”

“काही नाही. चालू झाला की झालं. त्यातच मजा असते, वहिनी.”

स्क्रीनवर अक्षरं थांबली. पासवर्ड मागत होता.

“माझं नाव टाक,” मी ऐटीत म्हटलं. “माझंच असणार.”

प्राप्तीने मान खाली घातली आणि टाइप केलं. स्क्रीनवर काही उमटत नव्हतं, टिंबसुद्धा नाही. मी तिच्या बोटांकडे बघत होते. बोटं पुष्कळ वेळा हलली. माझं नाव जनी, ते एवढं लांब नसतं.

डबा उघडला. तिला पासवर्ड ठाऊक होता. माझ्या घरातल्या डब्याची चावी हिच्याकडे, आणि मी बाहेर उभी.

“काय टाकलंस?”

“दादांना विचारा ना. दुसऱ्याला दुसऱ्याचा पासवर्ड मी सांगत नाही, वहिनी. दुकानाचा नियम आहे.”

“दुसऱ्याला? माझा नवरा, आणि मी दुसरी?”

झेरॉक्सवाला आत वळून बघायला लागला. तिचा चेहरा एवढासा झाला. “रागावू नका. पण मी तुम्हाला सांगितला, तर उद्या तुमचा कुणाला सांगेन, नाही का?”

बोलणं बरोबर होतं, म्हणून आणखी राग आला. मी म्हटलं, “बदलता येतो का?”

“येतो. पण दादांना विचारून…”

“विचारीन. बदलल्यावर.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं, ते तिने गिळलं. तिने एक शब्द टाइप केला, स्टूल पुढे ओढलं आणि कीबोर्ड माझ्याकडे फिरवला. “दोनदा टाकायचा. दिसणार काही नाही, दोन्ही वेळा तोच टाका. मी बघत नाही.” आणि खरंच माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

मी बसले. काय ठेवू? मनाली? ते पहिल्यांदाच ओळखतील. माझं नाव? नको. यांना ते सुचलं नव्हतं, आता मी कशाला भीक मागू? मग हातानेच ठरवलं. इंग्रजीत चार अक्षरं, एका बोटाने. जे नाव तिच्या तोंडात वीस वेळा यायचं आणि माझ्या तोंडात बावीस वर्षांत आलं नव्हतं, ते. दादा न लावता. टाकताना ओठ घट्ट मिटून घेतले होते मी, न जाणो बाहेर पडलं तर. दुसऱ्यांदा टाकलं. डब्याने मान्य केलं.

तिच्या टेबलावर सुक्या सोड्यांचं एक पाकीट ठेवलं आणि निघाले. मनापासून ठेवलं असं नाही, पण ठेवलं.

हे संध्याकाळी आले तेव्हा डबा टेबलावर होता, दिवा हिरवा. चपला काढता काढता एक पाय तसाच वर राहिला.

“माणगावला जाऊन आले,” मी म्हटलं. “आन् प्लग मी मुद्दाम काढला होता.”

“ठाऊक हाय.”

“बोटीवरची गोष्ट तिला सांगितलीत.”

यांनी वर राहिलेला पाय खाली टेकवला. “हसत सांगता आली कुणाला तरी,” म्हणाले. “इतकी वर्षं लाजच वाटायची. तुला सांगितली तवा पण रडतच सांगितली होती मी, जने.”

हे मी विसरले होते. खरंच रडले होते. मी लॅपटॉप पुढे सरकवला. हे बसले, वायर जोडली, पासवर्ड टाकला. डब्याने नाकारला. परत टाकला. नाकारला.

“बदललाय,” मी म्हटलं.

“कुणी?”

“मी.”

यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी बंदरावरून विमान उडवलं होतं. मग मनाली टाकलं. जनी टाकलं, बरं का, दुसऱ्याच झटक्याला टाकलं! लग्नाची तारीख टाकली. मग काय केलं असेल? फोन उचलला आणि माणगावला लावला. मी समोर बसलेली असताना! स्पीकरवर.

“मला नाही ठाऊक, सदादादा,” प्राप्ती म्हणाली. “मी पाठ फिरवली होती. वहिनींना विचारा.”

यांनी फोन टेबलावर ठेवला. बंद करायचं राहून गेलं.

“काय ठेवलास, जने?”

मी तोंड उघडलं. बावीस वर्षांची सवय घशात आडवी आली. “तुमचं नाव,” कसंबसं म्हटलं.

यांनी सदाशिव टाकलं. नाकारलं. “न्हाय उघडत.”

“तेवढं लांब न्हाय. ती म्हणते ते.”

यांनी सदादादा टाकलं. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. “अहो, दादा कशाला? दादा काढा त्यातलं!”

यांची बोटं कीबोर्डवर थांबली. कळलं होतं यांना, चांगलं कळलं होतं. पण टाकेनात. माझ्याकडे वळून बसले.

“तू बोल. मंगच टाकतो.”

“सदा,” मी म्हटलं.

कान, गाल, सगळं गरम झालं. टेबलावरच्या फोनमध्ये बारीकसा आवाज झाला, तिकडून फोन ठेवला होता. हे डब्याकडे बघेनातच. डबा तिथे हिरवा लुकलुकत बसला होता, चार अक्षरांची वाट बघत, आणि हा माणूस माझ्याकडे बघत होता.

“परत बोल की,” म्हणाले.

“आज एकदाच,” मी म्हटलं. “बाकीचं उद्या सात वाजता.”